माझ्या अक्षरातला दाखला

—सही माझीच हाय, सिस्टर, त्यात काय खोटं बोलायचं, पन तो कागद आदी बाजूला ठिवा आन चहा घ्या, निवतोय. संगमनेरावरनं नगर, नगरवरनं सुपं, आन सुप्यातनं टेम्पोत उभं ऱ्हाऊन पाच मैल धूळ खात आलात, ते एवढ्या एका कागदापायी — बसा, पाय सोडून बसा, मी आपली हुलगं निवडत बोलते, हाताला काम असलं म्हंजे मला बोलता येतं. घरचे पारनेरला गेल्यात, पंचायत समितीच्या सभापतींच्या घरी, दिस मावळंस्तवर यायचे न्हाईत. बरं झालं. ते असते तर तुमास्नी ओट्यावरच बसवून, चहा पाजून, गोड बोलून वाटंला लावलं असतं. गाव त्यास्नीच सरपंच म्हनतं. बाईची जागा निघाली, त्यास्नी उभं ऱ्हाता येईना, मग मला उभी केली — निवडून रंगुबाई आली आन हार कारभारींच्या गळ्यात पडला. कारभारी म्हंजे आमचे मालक, त्यांचं नावच कारभारी. नाव घेतलं बघा, चालायचंच, तुमास्नी कळायला पायजे कोन कोन ते.

आता सहीचं ऐका. आमचे ग्रामसेवक, भाऊसाहेब म्हनतो आमी त्यास्नी, ते छापील दाखल्यांचं पुडकंच घेऊन येत्यात. कोरे. मी चुलीम्होरं, एका हातानं भाकरी थापतीय, आन दुसऱ्या हातानं — सही, सही, सही. एका बैठकीला पन्नास. सुप्याला कंपन्या आल्यापास्नं ज्याला त्याला दाखला लागतो, आन दाखल्यावर छापलेलं एकच — 'सदर इसमास मी गेल्या तीन वर्षांपासून व्यक्तिशः ओळखते, त्यांची वर्तणूक चांगली आहे.' मी ओळखते! मला गल्लीच्या पल्याड एकटीला जायची सोय न्हाई, आन मी अख्ख्या पंचक्रोशीला व्यक्तिशः ओळखते. एकदा तर मेलेल्या मानसाची वर्तणूक चांगली हाय म्हनून लिहून गेलं माझ्या सहीनं — दाखला पोराला पायजे हुता, भाऊसाहेबांनी नाव बापाचं घातलं. त्यो दाखला तेवढा खरा निघाला म्हनायचा, त्या बापाचा कुनाला तरास नव्हता. हसता काय, हसा. मला पयल्यांदा हसू यायचं. आता नुसती किळस येती, त्या शाईच्या वासाचीसुदीक किळस येती.

तर असं हाय. असाच एखादा गेला असंल तुमच्या दवाखान्यातल्या ह्या मच्छिंद्राच्या हातात. मला काय ठावं?

काय म्हनलात? नियम? वाचा की, मोठ्यानं वाचा, मला चष्मा लागलाय. — मुलांच्या वॉर्डात जो जो लेकरांना हात लावनार, डॉक्टर असू द्या, नर्स असू द्या, आया, कंपाउंडर, झाडलोट करनारा, त्याच्या आदीच्या गावात जाऊन चौकशी करायची — बरं — दाखला देनाऱ्याला समक्ष भेटून इचारायचं — बरं — आन कुनी बी एकट्यानं लेकराजवळ दार लावून बसायचं न्हाई. चांगला हाय की नियम. एवढा शाना नियम मी हितं कदी ऐकला न्हाई. हितं म्हशीला सुई टोचायला आला तरी चार मानसं भवती उभी ऱ्हात्यात, आन लेकराला टोचायचं म्हनलं तर आई भाईर, लेकरू आत. कधी केला हा नियम? — गेल्या म्हैन्यात. आन हा मच्छिंद्र तुमच्यात लागायचाय का लागलाय?

लागलाय.

कधी?

पंच्याण्णवच्या दिवाळीपास्नं. म्हंजे — अडीच वर्सं. थांबा, सिस्टर, मला जरा हिशेब लागू द्या. मला वाटलं आत्ता कुटं नोकरीला ठिवत्यात म्हनून इचारायला आल्यात. मी मघापास्नं तुमच्याशी तसंच बोलतीय. म्हंजे तुमी मानूस आदी ठिवला, वॉर्डात सोडला, आन अडीच वर्सांनी नियम काढून त्याच्या गावाला चौकशीला आलात? शी. तुमास्नी न्हाई म्हनत, तुमी काय चाकरीच्या. तुमच्या त्या ट्रस्टींना म्हनते. भिंती गिलाव्याच्या, फरशी पांढरी, आन अक्कल आमच्या पंचायतीएवढीच.

मला वाटलं हुतं औषधाच्या दुकानात लागंल. खरंच सांगते, मला तसंच वाटलं हुतं — पेठंत दुकान, म्होरं गल्ला, मानसांची वर्दळ, चार डोळ्यांत ऱ्हाईल. मी मनाची तशी समजूतच घालून ठिवली हुती. — न्हाई, 'वाटलं' म्हंजे, असं आपलं. न ओळखनाऱ्या मानसाबद्दल मला काय वाटायचंय. तुमी असं का बघता माझ्याकडं?

कुटलं वाक्य? — हां. 'रुग्णांशी, विशेषतः लहान मुलांशी, प्रेमाने वागतात.' व्हय, हे छापील दाखल्यात नसतंय. हा छापीलच न्हाई, हातानं लिहिलाय, ते दिसतंय मला. अक्षर भाऊसाहेबांचं न्हाई, त्यांचं अक्षर कोंबड्यांनी उकिरडा उकरल्यावानी. हे — हे असंल कुनाचं तरी. गावात शिकलेल्या लई जनी हायत आता.

ह्या एका वाक्यापायी त्याला मुलांच्या वॉर्डात घेतला, असं म्हनता?

पानी द्या मला तेवढं. तांब्या तुमच्या मागं हाय. — बरं. ऐका आता. आन मधी बोलू नका, मधी बोललात तर मी गप बशीन आन मग माझ्या तोंडातनं निघायचं न्हाई.

अक्षर माझं हाय.

सातवी झालीय मी. राहुरीला माझ्या मामांकडं ऱ्हाऊन शिकले, फळ्यावर सुविचार लिहायला गुरुजी मलाच उभी करायचे. मग लगीन झालं आन सव्वीस वर्सं मी किराण्याची यादीसुदीक लिहिली न्हाई, ती बी तेच लिहायचे. तर — हितं पंचायतीच्या शेजारच्या खोलीत सुप्याचे एक डॉक्टर यायचे, हप्त्यातनं तीन दिस, फटफटीवर. बाकीचं चार दिस किल्ली ह्या मच्छिंद्राकडं. कंपाउंडर हुता, पन गाव त्यालाच डॉक्टर म्हनायचं. गोड. म्हाताऱ्यांचे पाय धरायचा, लेकरांना खिशातनं गोळ्या द्यायचा लिमलेटच्या, शाळंत जंताचं औषध पाजायला तोच. आमच्या पट्टीला खुरपायला कलाबाई यायची, नवरा वारलेला, पदरात दोन लेकरं. थोरली दुसरीत. त्या पोरीचा कान फुटला. डॉक्टरांनी थेंब लिहून दिलं, रोज कानात घालायचं, घरी जमत न्हाई तर हितं येत जा म्हनले. कलाबाई दिसभर रानात, मग पोरगी शाळा सुटली की एकटी जायची. चार दिस गेली. पाचव्या दिशी म्हनली, कान बरा झालाय. आन कानातनं पू गळतोय, उशी भिजतीय. सहाव्या दिशी जायना, कुडाला धरून बसली. कलाबाईला काय ठावं? औषध फुकट जाईल, कान जाईल, पोरगी भैरी झाली तर पुढं कोन करंल — तिनं मारून धाडली. आईनं मारून धाडली, सिस्टर, तिथं. त्या दिशी मागनं ती आपली सहज गेली बघायला, तर दाराला आतनं कडी. कानात दोन थेंब घालायला कडी कशाला लागती? एवढं मलाबी कळतं, मला तर नर्सिंग ठावं न्हाई.

आता पुढचं मी सांगत न्हाई. तुमी समजून घ्या. त्या लेकरानं तिच्या भाषंत जे सांगितलं ते मला कलाबाईनं ह्याच पडवीत सांगितलं, आन मला हितंच, ह्या खांबाला धरून ओकारी झाली.

माझ्याकडंच का आली? मीबी तेच इचारलं. म्हनली, "बाई, गड्याम्होरं तोंड उघडंना. तुमी सरपंच हाय, आन बाई हाय, म्हनून आले." एवढंच. मागच्या दारानं आली हुती. त्या दिसापतुर सरपंच म्हनून माझ्या दारात कुनी आलंच नव्हतं, सगळी ओट्यावर जायची, त्यांच्याकडं. ही पयली. आन मी तिला म्हनलं, तू जा, मी बघते.

बघितलं. सांजच्याला सगळं ह्यांच्या कानावर घातलं. ह्यांनी डॉक्टरांना बोलावून घेतलं. मला वाटलं आता सुप्याला जातील, पोलिसांत, त्याला बेड्या पडतील. दोघं ओट्यावर बसले, मी दाराआड. डॉक्टर म्हनले, दवाखाना बंद पडंल. हे म्हनले, गावाचं नाव जाईल, आन पोरीचं पुढं लगीन कसं व्हायचं. पोरीच्या लग्नाची काळजी! सात वर्सांची पोर, कानातनं पू, आन ह्यांना लगीन दिसाया लागलं. कलाबाईला कुनी बोलावलं न्हाई, इचारलं न्हाई. ठरलं काय, तर त्याला सकाळच्या एस्टीनं गावाभाईर काढायचा. मग त्याला बोलावलं. आला, हात जोडून उभा ऱ्हायला, आन एवढं ऐकून घेतल्यावर वर तोंड करून म्हनतो, जातो की, पन दाखला पायजे, दाखल्याबिगर मला कोन उभं करंल, न्हाईतर मी हितंच ऱ्हातो. डॉक्टर म्हनले, द्या, ब्याद जाईल.

आन भाऊसाहेब रजेवर. पुडकं त्यांच्या कपाटात. मग हे आत आले, पोराच्या वहीतलं पान फाडलं, आन मला म्हनले, तूच लिही.

मी न्हाई म्हनू शकत हुते. तसं कुनी माझा हात धरला नव्हता. मारलं बी नसतं त्यांनी, त्यांचा हात चालत न्हाई, तोंड बी फारसं चालत न्हाई. पन सव्वीस वर्सांनी मला कुनी लिही म्हनलं हुतं. मी इथं, हितंच, पाट घेऊन बसले, डॉक्टर सांगत गेले आन मी लिहीत गेले. 'सदर इसमास मी व्यक्तिशः ओळखते.' तवा मी त्याला खरंच ओळखत हुते, चांगलीच. तो दारात उभा. म्हनला, लहान मुलांचं एक वाक्य घाला की बाई, दवाखान्यात त्याला किंमत असती. मी डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टर म्हनले, घाला. मी घातलं. 'विशेषतः'मधला पोटफोड्या ष मी नीट काढला, बघा, हाय का न्हाई नीट? पयल्या कागदावर शाईचा ठिपका पडला म्हनून तो फाडला आन पुन्यांदा सगळं लिहून काढलं, सुबक. हे शिक्का घेऊन माझ्या खांद्यावरनं वाकून बघत हुते. म्हनले, "तुझं अक्षर तर मोत्यावानी हाय गं."

आन मी लाजले, सिस्टर.

हे मी आजपतुर कुनाला सांगितलं न्हाई. भाईर अंधार, तो नालायक दारात उभा, कलाबाई तिच्या खोपटात माझ्या भरवशावर बसलेली, आन मी लाजले. रातभर मला ते मोत्याचं आठवून बरं वाटत हुतं. सकाळी एस्टी गेली, खिडकीतनं त्यानं हात केला, तवा कुटं कळलं मी काय लिहून दिलं ते. थू हाय माझ्यावर. तुमी थुकलात तरी मी काय म्हननार न्हाई.

कलाबाईला मी सांगितलं, गेला बाई तो, ब्याद गेली. तिनं इचारलं, कुटं गेला? मी म्हनलं, लांब. ती 'बरं' म्हनली आन खुरपं घेऊन वळली. त्या दिसापास्नं ती आमच्या पट्टीला येत न्हाई, मैलभर लांब जाती दुसऱ्याच्या रानात. आन ती पोरगी — त्याच वर्साला दिवाळीनंतर पोलिओचे डोस आले पयल्यांदा, गावभर दवंडी, समद्यांनी लेकरं आनली. कलाबाईचा धाकला दीड वर्साचा, त्याचा पत्ता न्हाई. पोरगी बी न्हाई. सगळ्या गावानं हुडकलं. तर कडब्याच्या गंजीत बसली हुती ती, भावाला पोटाशी धरून, त्याच्या तोंडावर हात दाबून, त्यानं रडू नये म्हनून. म्हनली, औषधवाले गेले का? — दोन थेंब हुते, सिस्टर. तोंडात घालायचे. तिला तेवढंच कळत हुतं, की थेंब घालनारा मानूस आला की भावाला लपवायचं. आमच्यापैकी एकालाबी तिच्याएवढी अक्कल नव्हती.

झालं. सांगून झालं. घ्या लिहून तुमच्या चौकशीत काय लिहायचं ते.

का लिहीत न्हाई? — रडू नका. मीबी रडले हुते, एस्टी गेल्यावर, काय उपेग झाला त्याचा? डोळं पुसा, आन मला एक सांगा. तुमी त्या वॉर्डाच्या इंचार्ज ना? मग चौकशीला शिपाई यायचा, कारकून यायचा, तुमी का आलात, ते बी आयतवारी, सुटीच्या दिशी? आन पिशवीतनं तो दुसरा कागद कसला डोकावतोय? मघापास्नं बघतीय, ह्यो भाईर काढताना त्यो तुमी आत दाबत हुता. आना हिकडं. आना. मला शिक्क्याचं कागद वळखू येत्यात.

'…यांनी आमच्या रुग्णालयात अडीच वर्षे सेवा केली. ते स्वखुशीने राजीनामा देत असून त्यांची वर्तणूक समाधानकारक होती.'

स्वखुशीनं. समाधानकारक.

आन खाली रेघ मारलीय सहीसाठी. कोरी. 'वॉर्ड इंचार्ज.'

केवढं हुतं लेकरू? — तोंडानं नका सांगू, बोटं करा.

पाच.

म्हंजे तुमच्याकडं बी ओट्यावर बसले वाटतं चौघं. दवाखान्याचं नाव जाईल म्हनले असतील. आन त्यानं दाखला मागितला असंल. पुढं कुटं जायचा म्हनतोय? — नाशकाकडं. हां. आमी संगमनेरला धाडला, तुमी नाशकाला धाडा, नाशिकवाले अजून कुटं धाडतील, वर एकेक दाखला वाढत जाईल, आन लेकरं तर काय, सगळ्या गावांत असत्यात. किळस येती मला, सिस्टर, ह्या कागदाची, ह्या शाईची, आन समद्यात जास्ती ह्या बोटांची. बघा, हुलगं निवडून सुदीक वास जात न्हाई.

तुमची नोकरी जाईल, व्हय. तुमी काय म्हनायच्या आदीच मला ठावं हाय. घरी दोन लेकरं असतील, नवऱ्याचं काय असंल. माझं बी सांगते — उद्या हे मला ह्या घरात कसं ठिवतील ते मला ठावं न्हाई. सरपंचकी जाईल ती जाऊ द्या, ती माझी कवा हुती. पन एकुनतीस वर्सांचा संसार हाय, मानूस वाईट न्हाई, आन तो माझ्याशी पुन्यांदा बोलायचा न्हाई, एवढं मला ठावं हाय. तुमचा नियम म्हनतो ना, दाखला देनाऱ्याला समक्ष इचारा? मग इचारलंत. आता मी लेखी सांगते. पेन द्या. तुमचंच द्या, आमचं त्यांच्या खिशात असतं.

ह्याच कागदाच्या मागं लिहिते. दोन्ही एकाच पानावर असू द्या, सुटं केलं तर पुढची बाजू तेवढी ठिवतील. — 'सदर इसमास मी व्यक्तिशः ओळखते.' — असं बघू नका, ह्या खेपंला खरं हाय. — 'मागील बाजूचा दाखला मी माहीत असून खोटा दिला. सन पंच्याण्णव साली सदर इसमाने आमच्या गावातील एका सात वर्षांच्या मुलीस दवाखान्यात कोंडून तिच्याशी वाईट वर्तन केले. हे मला, डॉक्टरांना व माझ्या पतीस माहीत होते. त्यास कोणत्याही ठिकाणी लहान मुलांजवळ ठेवू नये. पोलिसांनी विचारल्यास मी हेच सांगेन.' पोरीचं नाव घालत न्हाई. कलाबाईचं बी न्हाई, ते तिला इचारल्याबिगर मला घालता यायचं न्हाई. उद्या जाते तिच्याकडं. मागच्या दारानं जाईन, तिनं दार उघडलं तर. खाली माझं नाव, आज तारीख. शिक्का ह्यांच्या कपाटात हाय, किल्ली ह्यांच्या करगोट्याला, म्हनून शिक्का न्हाई. चालंल का तुमच्या नियमात? न चालायला काय झालं, शिक्का मारलेला खोटा तर अडीच वर्सं चालला.

हां. आता तुमचा कागद. मी काय सांगायची न्हाई तुमास्नी. चूल पेटलेली हाय, पलीकडं, तुमच्या हाताच्या अंतरावर. तुमचा हात तुमचा. मला बघायचं बी न्हाई, मी हुलगं निवडते.

…बरं.

बरं केलंत. राखंत पानी नका टाकू, जळू द्या नीट.

उठा आता. आभार नकोत मला, उलट ओशाळल्यावानी हुतं. माझा कागद पिशवीत घालू नका, पोलक्यात घाला. हितनं नगरला जा, संगमनेरला न्हाई — पयलं मोठ्या साहेबापतुर जा पोलिसांच्या, मग तुमच्या ट्रस्टींचं तोंड बघा. ती ऐका, फटफट वाजली, आले की हे, लौकर आले. मागच्या दारानं — न्हाई, थांबा. म्होरच्याच दारानं जा. त्यांच्या देखत जा. खाली मान घालू नका. टेम्पो पिंपळाखाली मिळंल, चला.

— आलात व्हय? ती बाई? संगमनेरची. दाखल्याला आली हुती. — दिला की. — भाऊसाहेब नसले म्हनून काय झालं, मी लिहिला. हात धुवा, वाढते, आन जेवून झालं की बसा जरा हितं. काय लिहिलंय ते मीच सांगते तुमास्नी.